अनेक केंद्रांच्या महानगराची प्रादेशिक योजना कशी आखावी : मुंबई महानगर प्रदेशाच्या उदाहरणाने

वसई रोडहून निघणारा एक रेल्वेमार्ग जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड अशी स्थानके घेत कोपरजवळून दिव्याला येतो. २०११च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती, वाटेवरच्या भिवंडीची ७ लाख ९ हजार आणि दुसऱ्या टोकाजवळच्या कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. एवढ्या मोठ्या तीन शहरांना जोडणाऱ्या या मार्गावर स्थानिक प्रवाशांसाठी मात्र दिवसभरात मोजक्याच गाड्या धावतात. बाकीचा वेळ मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्यावरून जातात. डोंबिवलीच्या माणसाला वसईला वेळेवर पोहोचायचे असेल, तर तो आधी दादर गाठतो आणि तिथून पश्चिम रेल्वेची गाडी पकडून पुन्हा उत्तरेकडे जातो. मुंबई महानगर प्रदेशाच्या नकाशावर ही तिन्ही शहरे स्वतंत्र ठिपके म्हणून ठळक दिसतात. त्यांच्यातला व्यवहार मात्र आजही दादरवरून चालतो.

बहुकेंद्री महानगराचे नियोजन करताना नेमकी इथेच गफलत होते. केंद्रे कुठे असावीत यावर बैठकांमागून बैठका होतात आणि त्या केंद्रांच्या मध्ये काय असावे, यावर अहवालाच्या शेवटी एखादे प्रकरण येते. पुढील मांडणी या क्रमाच्या उलट आहे. नगररचनेचे विद्यार्थी, नगरपालिकांचे व जिल्हा परिषदांचे सदस्य, तसेच प्रारूप योजना, म्हणजे योजनेचा मसुदा, हातात आल्यावर ती कुठून वाचायला सुरुवात करावी असा प्रश्न पडणारे नागरिक, या सर्वांना ती वापरता यावी असा प्रयत्न आहे. उदाहरण सर्वत्र मुंबई महानगर प्रदेशाचे घेतले आहे, कारण या प्रदेशाच्या आजवर तीन प्रादेशिक योजना झाल्या आहेत: पहिली १९७३मध्ये मंजूर झाली, दुसरी १९९९मध्ये आणि २०१६ ते २०३६ या काळासाठीची तिसरी २०२१मध्ये. म्हणजे कागदावर काय ठरले आणि जमिनीवर काय उतरले, हे ताडून पाहायला पन्नास वर्षांचा पुरावा आपल्यापाशी आहे.

हद्द आधी तपासावी

पहिले काम प्रदेशाची सीमा समजून घेण्याचे. सीमा अधिसूचनेने ठरते आणि ती बदलतेही. मुंबई महानगर प्रदेशाचे क्षेत्र २०१९मध्ये वाढवून ६,३२८ चौरस किलोमीटर करण्यात आले. पालघर तालुका, तसेच वसई, अलिबाग, पेण, पनवेल व खालापूर तालुक्यांचे उरलेले भाग त्यात आले. तिसऱ्या प्रादेशिक योजनेचे प्रारूप मात्र २०१६मध्ये, म्हणजे या विस्ताराच्या आधी, प्रसिद्ध झाले होते. म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची हद्द आणि मंजूर योजनेची हद्द एकच आहे असे गृहीत धरू नये. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहावेत आणि आपले गाव कोणत्या नकाशात कुठे बसते, याची नोंद करून घ्यावी.

प्रशासकीय हद्दीशेजारी आणखी दोन रेषा पेन्सिलीने काढाव्यात. एक रेषा रोजच्या प्रवासाची: जिथून माणसे सकाळी कामाला निघून रात्री घरी परततात तो मुलूख. दुसरी रेषा पाण्याची: ज्या धरणांतून आणि नद्यांतून या शहरांची तहान भागते, त्यांचे पाणलोट क्षेत्र. या तीन रेषा एकमेकींवर क्वचितच बसतात. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही धरणे ठाणे-पालघरच्या डोंगराळ भागात आहेत आणि ऊर्ध्व वैतरणा तर नाशिक जिल्ह्यात आहे. शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो आणि त्याच तालुक्यातले पाणी जलवाहिन्यांतून मुंबईला जाते, ही वस्तुस्थिती प्रादेशिक योजनेच्या पहिल्याच प्रकरणात यायला हवी. जिथे तीन रेषांमध्ये फरक पडतो, तिथे कोणाशी कशाबाबत करार करावा लागेल याची यादी तिथल्या तिथे करावी.

केंद्रांची मोजणी: लोकसंख्येने फसू नये

शहर मोठे झाले म्हणजे ते केंद्र झाले, ही समजूत सर्वांत आधी सोडावी लागते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली, तर तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ८१ लाख ३२ हजारांवरून १ कोटी १० लाख ६० हजारांवर गेली. वस्ती विखुरली हे यावरून निर्विवाद दिसते. रोजगार विखुरला का, हे मात्र या आकड्यांत कुठेही नाही. झोपायला एका गावी आणि राबायला दुसऱ्या गावी, अशी दहा शहरे एकत्र केली तरी त्यातून बहुकेंद्री प्रदेश तयार होत नाही.

त्यासाठी प्रत्येक शहराबाबत तीन आकडे काढावेत: तिथे राहणारे कामकरी किती, त्यांपैकी त्याच शहरात काम करणारे किती आणि त्या शहरात एकूण रोजगार किती. समजा, एका शहरात २ लाख कामकरी राहतात, त्यांतले ८० हजार गावातच काम करतात आणि गावात एकूण १ लाख १० हजार रोजगार आहेत. या शहराची स्वयंपूर्णता, म्हणजे गावातच काम करणाऱ्यांचे प्रमाण, ४० टक्के झाली; १ लाख २० हजार लोक रोज बाहेर जातात आणि ३० हजार बाहेरून येतात. आता दुसरे शहर पाहू. तिथे दीड लाख कामकरी राहतात आणि रोजगारही दीड लाखच आहेत. कागदावर तोल अगदी साधलेला आहे. पण तिथेही गावातच काम करणारे ६० हजारच असतील, तर ९० हजार सकाळी बाहेर पडतात आणि तेवढेच आत येतात. घरे आणि नोकऱ्या यांची संख्या जुळली म्हणून प्रवास कमी झाला, असे प्रारूपात लिहिलेले आढळले, तर हे साधे गणित करून पाहावे. घराची किंमत आणि नोकरीचा पगार यांचा मेळ बसत नसेल, तर संख्या जुळूनही माणसे जुळत नाहीत.

यापुढचा आकडा दिशेचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या शहरातून बाहेर जाणाऱ्या १ लाख २० हजारांपैकी १ लाख जर मुंबईकडे जात असतील, तर ते उपनगर आहे. त्याला महानगरपालिका असो वा नसो. त्यांतले ४५ हजार मुंबईकडे आणि बाकीचे ठाणे, भिवंडी, तळोजा, ऐरोली असे विभागून जात असतील, तर ते शहर बहुकेंद्री जाळ्यात आले असे म्हणता येते. म्हणून शहरांची नावे आडवी आणि उभी लिहून एक तक्ता करावा. कोणत्या शहरातून कोणत्या शहराकडे किती माणसे जातात, तो आकडा त्या त्या चौकटीत भरावा. मुंबईचा स्तंभ झाकल्यानंतर तक्त्यात जे उरते, त्यावरून प्रदेश किती बहुकेंद्री आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते.

ही माहिती मिळवायची कुठून, हा प्रश्न रास्त आहे. २०११च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांसाठी घर ते कामाचे ठिकाण हे अंतर आणि प्रवासाचे साधन यांचे जिल्हानिहाय तक्ते आहेत. त्यांतून अंतर कळते, दिशा कळत नाही. रोजगाराच्या ठिकाणांसाठी सहावी आर्थिक गणना उपयोगी पडते. दिशेसाठी महानगर प्रदेशाचा सर्वंकष वाहतूक अभ्यास पाहावा, कारण त्यात घरोघरी जाऊन प्रवासाचा आरंभ आणि शेवट विचारलेला असतो. मात्र २०११नंतर जनगणना झालेली नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर पंधरा वर्षे जुन्या आकड्यांवर पुढच्या वीस वर्षांची योजना बेतावी लागते, ही अडचण प्रामाणिकपणे नोंदवावी आणि मालमत्ता कराच्या नोंदी, वीजजोडण्या, स्थानकनिहाय तिकीट व पासविक्री यांच्या आधारे जुने आकडे सुधारून घ्यावेत. वीजजोडण्यांत घरगुती आणि व्यापारी असा भेद असतो. एखाद्या प्रभागात व्यापारी जोडण्या कोणत्या वर्षापासून झपाट्याने वाढल्या, हे पाहिले की केंद्र कधी आकार घेऊ लागले त्याचा बरा अंदाज येतो.

केंद्राला काम नेमून द्यावे

नकाशावर वर्तुळ काढायला कंपास पुरतो. त्या वर्तुळात सकाळी नऊ वाजता माणसे कशासाठी येतील, याचे उत्तर द्यायला योजना लागते. म्हणून प्रत्येक प्रस्तावित केंद्रापुढे एका वाक्यात त्याचे मुख्य काम लिहावे, आणि ‘वाणिज्य, निवास, मनोरंजन व संस्था’ असले सर्वसमावेशक वाक्य मान्य करू नये. सगळ्या केंद्रांना सगळेच दिले, की जे ते मूळ शहराकडेच धाव घेते.

नवी मुंबईचा इतिहास या दृष्टीने नीट वाचण्यासारखा आहे. खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, हा विचार १९६०च्या दशकात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आणि वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी मांडला, आणि १९७०मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. राज्य शासनाची कार्यालये खाडीपलीकडे जातील आणि त्यांच्यामागोमाग खाजगी कार्यालये जातील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मंत्रालय जागचे हलले नाही आणि त्याच सुमारास नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. बेलापूरला कोकण भवन आले. विभागीय कार्यालये आली. पण ज्याच्या दारात उद्योजकांना उभे राहावे लागते ते सत्ताकेंद्र आलेच नाही. एका हाताने नवे केंद्र उभारताना दुसऱ्या हाताने जुन्याला खतपाणी घालू नये, हा धडा त्यातून मिळतो. म्हणूनच कोणत्याही प्रारूपात नव्या केंद्राची तरतूद वाचताना, त्याच काळात जुन्या केंद्रात किती वाढीव चटईक्षेत्र (भूखंडावर बांधता येणारे सर्व मजल्यांचे मिळून क्षेत्र) दिले जात आहे, हे शेजारच्या महापालिकेच्या विकास नियंत्रण नियमावलीत जाऊन पाहावे.

याच नवी मुंबईत जे चांगले जमले, तेही पाहावे. कांदा-बटाटा, मसाले, फळे, भाजीपाला यांचे घाऊक बाजार मुंबईतून उचलून तुर्भे-वाशीला नेले गेले आणि पोलाद बाजार कळंबोलीला गेला. बाजाराबरोबर माथाडी कामगारही आले. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागांत त्यांच्या वसाहती झाल्या. काम आणि कामगार एकत्र हलले, म्हणून तो बाजार तिथे रुजला. रोजगाराचा खांब आधी रोवायचा आणि त्याच्या आवाक्यात, त्या पगाराला परवडेल अशी घरे बांधायची, हा क्रम इथे नकळत का होईना पाळला गेला.

वांद्रे-कुर्ला संकुलाचे उदाहरण थोडे फसवे आहे. १९७७मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण त्या ३७० हेक्टर क्षेत्राचे विशेष नियोजन प्राधिकरण झाले आणि आज तिथे राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी, नाबार्ड, हिरे बाजार अशा संस्था आहेत. केंद्र म्हणून ते निःसंशय यशस्वी ठरले. परंतु दक्षिण मुंबईवरचा भार हलका करण्याच्या मूळ हेतूने पाहिले, तर रोजगार बृहन्मुंबईतच काही किलोमीटर उत्तरेला सरकला; बदलापूरच्या नोकरदाराचा प्रवास तेवढाच कमी झाला. शिवाय १९७७च्या केंद्राला मेट्रोचे स्थानक मिळायला २०२४चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या ४७ वर्षांत वांद्रे आणि कुर्ला स्थानकांबाहेरच्या रिक्षांच्या रांगांनी तो भार वाहिला. म्हणून केंद्राच्या प्रस्तावात वाहतुकीचे वर्ष आणि चटईक्षेत्र खुले करण्याचे वर्ष अशा दोन तारखा शेजारी शेजारी छापाव्यात, आणि पहिली तारीख हुकली तर दुसरी आपोआप पुढे जाईल अशी अट घालावी.

केंद्रा-केंद्रांमधले दुवे

मुंबईचे रेल्वेमार्ग दक्षिणोत्तर आहेत आणि प्रदेश हाताच्या पंजासारखा पसरला आहे. बोटे लांब झाली, पण बोटांना आडवे जोडणारे दुवे तुटपुंजे राहिले. मानखुर्द ते वाशी रेल्वे १९९२मध्ये सुरू झाली, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. आणि ठाणे ते वाशी ही खाडीपलीकडची आडवी सेवा २००४मध्ये. या दुसऱ्या मार्गाने काय साधले ते मुद्दाम पाहावे. कल्याण-डोंबिवलीचा माणूस ठाण्याला उतरून ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे जाऊ लागला आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या रासायनिक कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये भरू लागली. मुंबईत पाऊल न टाकता काम करणारा मोठा वर्ग या आडव्या दुव्याने निर्माण केला. नवी मुंबईतल्या रेल्वेमार्गांच्या खर्चातला सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता, हेही लक्षात ठेवावे. जमिनीच्या विक्रीतून आलेला पैसा रुळांत गेला, म्हणून रूळ पडले.

दुव्यांचा क्रम लावताना आधी केलेला तक्ता पुन्हा समोर घ्यावा. ज्या दोन शहरांत मुंबईच्या बाहेरून थेट येणे-जाणे आधीच आहे, पण ते रस्त्यावरून हाल सोसत करावे लागते, तो दुवा पहिला. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे काम आणि ऐरोली ते काटई नाका हा बोगद्यासह रस्ता या वर्गात मोडतात. दुसरा क्रम अशा दुव्यांना, जिथे मार्ग आहे पण सेवा नाही. वसई-दिवा हा त्याचा नमुना. नव्या उन्नत मार्गापेक्षा असलेल्या रुळांवर गाड्या वाढवणे सहसा स्वस्त पडते, मात्र त्याचे उद्घाटन दिमाखदार होत नाही, ही त्याची खरी अडचण असावी. दोन केंद्रांमधला प्रवास दिवसभर दर पंधरा-वीस मिनिटांनी आणि एकाच तिकिटावर होऊ शकतो का, हा निकष लावावा. किलोमीटर किती बांधले, हा आकडा त्यानंतर.

मुंबईच्या दिशेने जाणारे मोठे प्रकल्प वाचताना सावध राहावे. जानेवारी २०२४मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उलवे-चिर्ले भाग शिवडीच्या जवळ आणतो. त्यामुळे उलवे स्वतंत्र केंद्र होईल की दक्षिण मुंबईचे नवे शयनगृह होईल, हे सेतूवर ठरणार नाही. पलीकडे नवी मुंबईच्या विमानतळाभोवती कोणता रोजगार उभा राहतो आणि पनवेल, उरण, पेण यांना तो किती सहज पोहोचतो, यावर ठरेल.

मधल्या मोकळ्या जागा आणि नद्या

केंद्रे वेगळी राहायची असतील, तर त्यांच्यामध्ये काहीतरी न बांधलेले राहायला हवे. जर्मनीतल्या रूर खोऱ्याने हे फार लवकर ओळखले. एसेन, बोखुम, डॉर्टमुंड ही कोळशाच्या खाणींची शहरे एकमेकांत मिसळण्याच्या बेतात असताना १९२०मध्ये तिथे सर्व नगरपालिकांची मिळून एक प्रादेशिक संस्था स्थापन झाली, आणि शहरांच्या मधले हिरवे पट्टे राखणे हे तिच्या मुख्य कामांपैकी एक ठरले. त्या संस्थेच्या आजच्या रूपात ५३ नगरपालिका आहेत.

आपल्याकडे हे काम निसर्गाने बरेचसे करून ठेवले आहे: बोरिवली आणि ठाण्याच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वर, मुंब्र्यापासून दक्षिणेकडे जाणारा पारसिकचा डोंगर, ठाण्याची खाडी आणि तिच्यातले फ्लेमिंगो अभयारण्य, माथेरानभोवती २००३मध्ये जाहीर झालेले पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. ज्या जागांना वन कायद्याचे किंवा किनारा नियमनाचे कवच आहे, त्यांची चिंता तुलनेने कमी. कवच नसलेल्या हरित विभागातल्या शेतजमिनी, मिठागरे, पाणथळ माळ आणि गावठाणांभोवतीची राने यांच्याकडे खरे लक्ष द्यावे लागते, कारण फेरबदलाचे प्रस्ताव तिथूनच येतात. वसईतल्या वाड्या आणि विहिरी वाचवण्यासाठी तिथल्या लोकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून दिलेला लढा याच जमिनींबाबतचा होता. योजनेत अशा प्रत्येक पट्ट्यासमोर तो कशासाठी राखला आहे याचे कारण लिहावे: पुराचे पाणी मुरण्यासाठी, भाजीपाल्यासाठी, दोन शहरांमधला श्वास म्हणून. कारण लिहिलेले नसेल, तर तो पट्टा ‘अद्याप न वापरलेली जमीन’ म्हणून वाचला जातो.

नदीकडे एक सलग एकक म्हणून पाहावे. उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असे करत कल्याणच्या खाडीला मिळते. जुलै २०१९मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ती हीच नदी. वरच्या अंगाला भराव टाकण्याची परवानगी एक प्राधिकरण देते, खालच्या अंगाला पाणी दुसऱ्याच नगरपालिकेच्या घरांत शिरते आणि त्याच नदीचे पाणी आणखी काही शहरे पिण्यासाठी उपसतात. म्हणून पूररेषेचा नकाशा नगरपालिकांच्या हद्दींनुसार तुकड्यांत मागू नये. उगमापासून खाडीपर्यंत एकाच कागदावर मागावा.

निर्णय कोण घेणार

मुंबई महानगर प्रदेशात ९ महानगरपालिका, ९ नगरपालिका आणि हजाराहून अधिक गावे आहेत. त्यांशिवाय प्राधिकरण, सिडको, औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडे आपापल्या क्षेत्रांचे नियोजनाचे अधिकार आहेत. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या घराचे, त्याच्या कारखान्याचे आणि त्याच्या गावाशेजारच्या नव्या वसाहतीचे नियोजन तीन निरनिराळ्या संस्था करत असू शकतात. म्हणून योजना आखताना वा वाचताना अधिकारांचा एक वेगळा नकाशा करावा; भूवापराचा रंग त्यावर नसला तरी चालेल, पण इथे परवानगी कोण देतो, पाणी कोण देतो, कचरा कोण उचलतो आणि कर कोण घेतो, या चार प्रश्नांची उत्तरे त्यावर असावीत. जिथे चार प्रश्नांना चार वेगळी उत्तरे येतात, तिथे केंद्र वाढवण्याआधी थांबावे.

कल्याणजवळच्या २७ गावांची कथा यासाठी बोलकी आहे. १९८३मध्ये ही गावे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत आली, २००२मध्ये वगळली गेली आणि २०१५मध्ये पुन्हा आत आली. त्यांतल्याच दहा गावांत, निळजे स्थानकाच्या आसपास, कल्याण विकास केंद्राचा प्रस्ताव आहे. आपण कोणाचे हेच जिथे दशकादशकाला बदलते, तिथल्या ग्रामस्थाने जमीन एकत्रीकरणाच्या योजनेवर विश्वास ठेवावा कसा? नगररचना परियोजना, म्हणजे जमिनी एकत्र करून त्यांची नव्याने आखणी करणारी योजना, आखण्याआधी गावठाणांच्या हद्दी, वाढीव बांधकामे आणि भूमिपुत्रांना मिळणाऱ्या विकसित जमिनीचा वाटा लेखी ठरवून घ्यावा. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणाऱ्या नवी मुंबईतल्या योजनेमागे प्रकल्पग्रस्तांचा दीर्घ संघर्ष आहे. तो वाटा पहिल्याच दिवशी ठरला असता, तर पुढचे बरेच काही टळले असते.

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ यङ प्रमाणे दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी लागते आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून व पंचायतींच्या अध्यक्षांतून निवडले जावे लागतात. बहुकेंद्री प्रदेशात या समितीचे महत्त्व दुपटीचे, कारण एकमेकांत स्पर्धा करणारी केंद्रे समोरासमोर बसण्याची ती एकमेव घटनात्मक जागा आहे. प्रारूपावर विचार करताना समितीच्या बैठकींची इतिवृत्ते मागवून वाचावीत. आपल्या नगरपालिकेचा प्रतिनिधी हजर होता का, आणि होता तर बोलला का, हे त्यांत दिसते.

प्रारूप आल्यावर

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १४मध्ये प्रादेशिक योजनेत काय काय असू शकते याची यादी आहे आणि कलम १६प्रमाणे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात. कलम २७ सांगते, की शहराची विकास योजना तयार करताना नियोजन प्राधिकरणाने प्रादेशिक योजनेतील प्रस्ताव विचारात घ्यावेत. म्हणजे आज ज्या वाक्यावर आपण हरकत घेत नाही, ते उद्या आपल्या शहराच्या विकास आराखड्यात आरक्षण किंवा रस्ता होऊन येऊ शकते.

हरकत लिहिताना एका अर्जात एकच मुद्दा घ्यावा. गावाचे नाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक, प्रारूपातील पानाचा व नकाशाचा क्रमांक, तिथे काय प्रस्तावित आहे, त्यात काय बदल हवा आणि का, एवढे स्पष्ट असावे. जमिनीचा प्रश्न असेल तर सातबारा उतारा जोडावा. ‘आमच्या गावावर अन्याय झाला आहे’ या वाक्यावर हरकती ऐकणाऱ्या समितीला निर्णय घेता येत नाही. ‘खाडीलगतच्या अमुक गटांत भरतीचे पाणी येते, म्हणून तिथे शहरीकरणयोग्य विभाग दाखवू नये’ या वाक्यावर घ्यावा लागतो. अर्जाची पोचपावती जपून ठेवावी आणि सुनावणीला नकाशाची रंगीत प्रत बरोबर न्यावी, कारण काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत हरित विभाग आणि औद्योगिक विभाग सारखेच करडे दिसतात.

बहुकेंद्री प्रदेशात शेजारच्या शहराबद्दलही हरकत घ्यावी, ही गोष्ट सहसा कोणाला सुचत नाही. बदलापूरकराने कर्जतच्या भरावाबद्दल, भिवंडीकराने वसई-दिवा मार्गाबद्दल आणि ठाणेकराने बृहन्मुंबईतल्या वाढीव कार्यालयीन क्षेत्राबद्दल लिहिले, तर ते प्रस्तुतच असते. दोन-तीन शहरांच्या नागरिकांनी मिळून एकच तक्ता आणि एकच मागणी सादर केल्यास सुनावणीत तिला वेगळे वजन येते.

योजना मंजूर झाल्यानंतर कलम २०खाली तिच्यात फेरबदल होत राहतात आणि त्यांच्या सूचना राजपत्रात येतात. एका वहीत दर फेरबदलाची तारीख, गाव, क्षेत्रफळ आणि कोणत्या विभागातून कोणत्या विभागात, एवढे टिपत जावे. २०२७च्या जनगणनेतून प्रवासाचे तक्ते मिळाले, तर शहरा-शहरांचा तो तक्ता पुन्हा भरून आधीच्या शेजारी ठेवावा आणि मुंबईचा स्तंभ झाकून उरलेल्या चौकटींची बेरीज करावी.